दहावीच्या पेपरात हा एक प्रश्न घाला

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाच्या इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल विषय समित्यांच्या सन्माननीय सदस्यांस,



मी माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला इतिहास-भूगोल शिकवतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला धरून राज्यातली पुस्तके टप्प्याटप्प्याने नव्याने लिहिली जात आहेत. ज्या पुस्तकांबद्दल मी बोलणार आहे त्यांचे काम सुरू झाले असेल किंवा लवकरच होईल. ती छपाईला जाण्याआधी आपल्यासमोर एक मागणी ठेवायची आहे. पत्र खुले ठेवतो आहे, कारण यावर पालकांनी आणि माझ्या सहशिक्षकांनीही बोलावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आमच्या मुलांना ब्राझीलचा अवर्षण चतुष्कोन पाठ आहे. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून शिकवले जातात. ब्राझीलच्या ईशान्य भागात पाऊस कमी का, तर तो भाग उच्चभूमीच्या आडोशाला, पर्जन्यछायेत येतो. ‘भौगोलिक कारणे लिहा’ म्हटले की मुले हे न अडखळता लिहितात. ही मुले स्वतः पर्जन्यछायेत जन्मली आहेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला सव्वाशे किलोमीटरच्या आत, आमच्या माणात, तो पाचशेच्या आतबाहेर येतो. ढग घाटमाथ्यावर रिते होतात, आणि सह्याद्री ओलांडून खाली उतरणारी हवा तापत जाते. तिच्यात पाऊस द्यायला फारसे काही उरलेले नसते. खाली जमिनीत बेसॉल्टचा कातळ. पाणी मुरते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि कातळाच्या भेगांत तेवढेच. म्हणून विहीर दिवाळीला भरलेली दिसते आणि फेब्रुवारीत तळ दाखवते.

ब्राझील काढून टाका असे मी म्हणत नाही. दोन दूरच्या प्रदेशांची तुलना करायला शिकणे ही मोठी गोष्ट आहे, आणि ज्यांनी ते पुस्तक रचले त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्याच पुस्तकाची सुरुवात ‘क्षेत्रभेट’ या प्रकरणाने होते. दहावीच्या इतिहासात ‘उपयोजित इतिहास’ नावाचा पाठ आहे. शाळेबाहेरचे जग वर्गात आणण्याची इच्छा या पुस्तकांत दिसते. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. पाऊस का पडत नाही हे भूगोलाने सांगितले. पाऊस न पडल्यावर माणसांचे काय होते, हे कोणत्या तासाला विचारायचे?

मला दहावीच्या पेपरात एक प्रश्न हवा आहे. तो असा: १८७६-७८ साली दख्खनमध्ये पाऊस गेला, १९७२-७३ सालीही गेला. पहिल्या वेळी दख्खनसह दक्षिण हिंदुस्थानात मिळून पन्नास लाखांच्या वर माणसे दगावल्याचे अंदाज आहेत. दुसऱ्या वेळी महाराष्ट्रातले धान्याचे उत्पादन चांगल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली आले, माणसांचे अतोनात हाल झाले, दावणीची जनावरे गेली, पण १८७७ सारखे मृत्यूचे थैमान झाले नाही. असे का?

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका विषयाच्या वहीत सापडत नाही. म्हणूनच तो विचारावा असे मला वाटते.

पहिला दुष्काळ घ्या. त्याची गोष्ट पावसापासून सुरू होत नाही, अमेरिकेपासून होते. १८६१ ते १८६५ तिथे यादवी युद्ध चालले, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि आपल्या काळ्या जमिनीतल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. सावकारांनी मागेल त्याला कर्ज दिले. युद्ध संपले, भाव कोसळला. त्याच सुमाराला जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. कर्ज मात्र होते तिथेच राहिले नाही, ते फुगत गेले. कारण १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षे ग्राह्य धरला जाई. कुळाचे रक्षण व्हावे म्हणून केलेला हा नियम. सावकाराने दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली आणि नियमाचा हेतू उलटा फिरला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले. पाठोपाठ पुणे-नगर जिल्ह्यांत जिथे जिथे दंगे झाले तिथे त्यांचा रोख कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. ते कागद त्यांनी जाळले. पुढच्याच वर्षी पाऊस गेला. तोवर शेतकऱ्याच्या कणगीत धान्य नव्हते आणि त्याला उधार द्यायला कोणी तयार नव्हते.

वर्गात मी हे सांगतो तेव्हा मुले सगळ्यांत जास्त त्या तीन वर्षांच्या रोख्यापाशी थांबतात. फळ्यावर शंभर रुपये मुद्दल लिहायचे, व्याजाचा दर मुलांनीच सांगायचा, आणि दर तीन वर्षांनी नवा रोखा करत जायचे. चौथ्या रोख्यापर्यंत वर्गात शांतता पसरते. चक्रवाढ व्याज ही मुले गणितात शिकलेली असतात; ते कोणाच्या तरी घरावरून नांगर फिरवू शकते हे त्यांना इथे पहिल्यांदा दिसते. आता सांगा, हा तास इतिहासाचा की अर्थशास्त्राचा? कायदा चांगल्या हेतूने करूनही त्याचा परिणाम वाईट का झाला, हा नागरिकशास्त्राचा प्रश्न आहे. कापूस इथेच का पिकला, हा मृदांचा. आपल्या आजच्या मांडणीत अर्थशास्त्र हे भूगोलाच्या घरात पोटभाडेकरूसारखे राहते: नववीच्या भूगोलाच्या पुस्तकात ‘अर्थशास्त्राशी परिचय’ होतो आणि तेवढ्यावर निभावून न्यायचे. सावकारी, सारा, बाजारभाव हे सारे इतिहासात येते, पण किंमत कशी ठरते आणि कर्ज कसे वाढते हे तिथे शिकवायला वेळ नसतो.

दुष्काळात इंग्रज सरकारने कामे काढली. मजुरी ठरवली सर रिचर्ड टेंपल यांनी: पुरुषाला दिवसभराच्या कष्टाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोकड. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही. अनेक ठिकाणच्या मजुरांनी ती मजुरी नाकारून काम सोडले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले. त्या दुष्काळाबद्दल सावित्रीबाईंनी १८७७ साली ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. याच काळात आगगाड्या धान्य वाहून नेत होत्या आणि देशातून गव्हाची निर्यात चालू होती. धान्य होते, ते विकत घेण्याची ऐपत नव्हती. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात जे मांडले त्याचा गाभा हाच आहे, आणि तो समजायला दहावीच्या मुलाला कोणतीही अवघड परिभाषा लागत नाही.

आता दुसरा दुष्काळ. आमच्याकडे त्याला ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात आणि त्याचे साक्षीदार अजून गावोगावी आहेत. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्त्याची खडी फोडणे, बांधबंदिस्ती, पाझर तलाव. कामावर सुकडी मिळे. रेशनवर परदेशातून आणलेला लाल मिलो मिळे, आणि त्याच्या भाकरीची चव म्हाताऱ्या माणसांच्या तोंडातून अजून गेलेली नाही.

आमच्या शाळेपासून चालत जाता येईल असा एक पाझर तलाव त्याच कामांतला आहे. मुलांना घेऊन आम्ही तिथे जातो. पाण्याकडच्या उताराला दगडी पिचिंग आहे, हाताने रचलेले; दगडांवर सुतकीच्या खुणा आहेत. मुले बांधाची लांबी पावलांनी मोजतात, खालच्या अंगाच्या विहिरींची पातळी मालकांना विचारून लिहून घेतात, आणि तलावाच्या वरच्या विहिरींशी ताडून बघतात. तलाव गाळाने बराच भरला आहे हेही त्यांच्या लक्षात येते. एकदा वर्गातल्या एका मुलीची आजी सोबत आली. तिने पदराने घाम पुसत बांधावर बसून टोळी कशी असे, मुकादम हजेरीपट कसा भरे, दिवसाच्या शेवटी खोदलेल्या मातीचे माप कसे घेतले जाई आणि मापावर पैसे कसे मिळत, हे सगळे सांगितले. तान्हे मूल झाडाला बांधलेल्या झोळीत. बाई म्हणून माप कमी धरले जाई का, असे एका मुलाने विचारले. मातीला बाई-पुरुष कळत नाही, अशा अर्थाचे काहीतरी तिने सांगितले, आणि मग लगेच, हजेरी लिहिणाऱ्याला मात्र कळे, हेही सांगितले. माझ्या मुलांनी त्या एका दुपारी मोजमाप, मजुरी, भूजल, स्त्री-पुरुष समता आणि सरकारी यंत्रणा यांबद्दल जे प्रश्न विचारले ते चार पुस्तकांच्या स्वाध्यायांत मला एकत्र कुठे सापडले नाहीत.

पण १९७३ मध्ये ५० लाख माणसांना काम देणे राज्याला कशामुळे भाग पडले? इथे राज्यशास्त्र येते, आणि फार जोराने येते. विधिमंडळात विरोधी पक्ष रोज प्रश्न विचारत होते. वर्तमानपत्रे गावोगावची वर्णने छापत होती. कामे काढा म्हणून मोर्चे निघत होते. शहरांत महागाई भडकली होती. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. माणदेशातली खडी फोडणारी बाई आणि गोरेगावातली लाटणे घेतलेली बाई एकाच वर्षात, एकाच सरकारला जाब विचारत होत्या. टेंपलच्या काळात मजुरांनी काम सोडले तेव्हा त्यांच्याकडे मत नव्हते. १९७३ च्या मजुरांकडे होते. दहावीच्या राज्यशास्त्रात ‘सामाजिक व राजकीय चळवळी’ असे प्रकरण आहेच. त्याला ही एक घटना जोडून दिली तर ‘लोकशाहीचे महत्त्व’ ही टीप पाठ करायची गरज उरणार नाही.

पुढे जे घडले ते महाराष्ट्राने देशाला दिले. विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती राहिलेले वि. स. पागे यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या विसापूर येथे गावातल्या प्रत्येकाला काम देण्याचा प्रयोग केला होता. त्यातून रोजगार हमी योजना आली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाही दिले तर बेकारी भत्ता. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाचा हक्क आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्यासाठी थेट न्यायालयात जाता येत नाही. मार्गदर्शक तत्त्व कायद्यात उतरले की त्याचा हक्क होतो, हे मुलांना दाखवायला याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. इंग्रजांच्या दुष्काळ संहितांतही कामे काढण्याचे नियम होते. तिथे काम मिळणे ही सरकारची सोय होती, इथे तो माणसाचा हक्क झाला. २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा पाव शतकाहून मोठा अनुभव पाठीशी होता.

आणि याचे पैसे? माझ्या वेतनचिठ्ठीत दर महिन्याला व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. मी ती चिठ्ठी वर्गात फिरवतो. हा कर १९७५ च्या कायद्याने आला आणि तो रोजगार हमीसाठी आणला गेला. राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून तेवढीच भर घालायची होती. म्हणजे मुंबईतल्या कचेरीत बसणाऱ्या माणसाच्या पगारातून माणातल्या पाझर तलावाची मजुरी निघत होती. शहराने हे का मान्य केले असेल, यावर मुलांची चर्चा रंगते. कोणी माणुसकी म्हणतो, कोणी म्हणतो गावात काम मिळाले तर माणसे मुंबईला यायची थांबतील. दोन्ही उत्तरे विचार करण्यासारखी आहेत. मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारते की २५०० च का. कारण अनुच्छेद २७६ ने या कराला तेवढीच कमाल मर्यादा घातली आहे. आधी ती २५० होती, १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने २५०० झाली, आणि अजून तीच आहे. १९८८ मध्ये २५०० रुपयांत काय काय येत होते हे घरी विचारून या, असा गृहपाठ दिला की चलनवाढ वेगळी शिकवावी लागत नाही.

माझी मागणी आता नेमकी सांगतो. नववी आणि दहावी, दोन्ही इयत्तांत एकेक सामाईक प्रकरण असावे, जे इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल या समित्यांनी एकत्र बसून लिहिलेले असेल, आणि अर्थशास्त्र जाणणारी व्यक्ती त्यात सुरुवातीपासून असेल. दहावीसाठी दुष्काळ हा विषय मी वर मांडलाच आहे. प्रकरणात नकाशा असावा, पर्जन्यमानाचा आणि किमतींचा तक्ता असावा, कायद्यातले मूळ कलम असावे, आणि त्या काळच्या माणसाच्या तोंडचा एक उतारा असावा. त्यावर बोर्डाच्या परीक्षेत एक मोठा प्रश्न विचारला जावा. परीक्षेत न येणारे प्रकरण शाळांत वाचले जात नाही, हे आपणही जाणता. आज इतिहास-राज्यशास्त्राचा ४० गुणांचा पेपर, भूगोलाचा ४० चा, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात. ‘चुकीची जोडी ओळखा’ आणि ‘टिपा लिहा’ यांना माझा विरोध नाही. माहिती लक्षात ठेवायला लागतेच, सनावळीशिवाय कार्यकारण उभे राहत नाही. पण ८ गुण असे असावेत की ज्यांचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये तयार मिळणार नाही. आणि अंतर्गत गुणांपैकी निम्मे गावाच्या किंवा वॉर्डाच्या प्रत्यक्ष पाहणीला द्यावेत.

मुंबई-ठाण्याच्या मुलांना दुष्काळाशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. त्यांच्या नळाचे बरेचसे पाणी भातसा आणि तानसा धरणांतून येते. दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. दादरच्या वर्गाने या एका गोष्टीचा माग काढला तर त्याला आमच्या तलावावर यायची गरज नाही. प्रकरण तेच राहील, पाहणीचा विषय प्रत्येक जिल्ह्याचा वेगळा असू शकतो, आणि असावा.

शिक्षक तयार आहेत का, हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. बी.एड. ला अध्यापन पद्धती घेताना इतिहास वेगळा आणि भूगोल वेगळा असतो. मोठ्या शाळांत दोन विषयांचे दोन शिक्षक असतात आणि एकमेकांच्या तासिकेत कोणी डोकावत नाही. मात्र ग्रामीण भागातल्या कितीतरी छोट्या शाळांत एकच शिक्षक दोन्ही शिकवतो. माझ्यासारख्यांना हे प्रकरण जड जाणार नाही. बाकीच्यांसाठी प्रशिक्षण लागेल. ते सभागृहात बसवून, पडद्यावर सूचना दाखवून होणारे नको. तालुक्यातल्या शिक्षकांना एखाद्या तलावावर, बाजार समितीत किंवा ग्रामसभेत नेऊन, तिथेच पाठाची आखणी करून घेणारे हवे.

पाठ्यक्रमाचा भार वाढेल, ही हरकतही मला ठाऊक आहे. वाढवू नका. इतिहासात आणि भूगोलात पर्यटनावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. नववीच्या भूगोलात एक, दहावीच्या इतिहासात एक, दहावीच्या भूगोलात वाहतुकीबरोबर पुन्हा एकदा. दोन्ही समित्या एकत्र बसल्या तर अशी आणखी स्थळे सापडतील आणि त्यातूनच जागा निघेल.

बहात्तरच्या दुष्काळी कामांवर राबलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. नवी पुस्तके वर्गात येईपर्यंत त्यातली बरीच माणसे राहणार नाहीत. म्हणून पुस्तकाची वाट न पाहता एक गोष्ट यंदाच करता येईल: अंतर्गत मूल्यमापनासाठी ‘बहात्तरचा दुष्काळ: आजी-आजोबांची मुलाखत’ हा एक उपक्रम सुचवावा आणि मुलांनी लिहून आणलेले निवडक कागद शाळांकडून मागवून घ्यावेत. आमच्या शाळेत अशा वह्या जमल्या आहेत. नव्या प्रकरणातल्या उताऱ्यासाठी त्यातले काही उपयोगी पडणार असेल तर त्यांच्या प्रती मी समितीला कधीही पाठवू शकतो.

आपला नम्र,
माणदेशातील एक समाजशास्त्र शिक्षक